कुत्र्यापुरतं कच्चं

माटुंग्यात दूध कच्चं कोणी पीत नाही. तेलंग रोडवरच्या तमिळ घरात फिल्टर कॉफीसाठी, शेजारच्या हिंदू कॉलनीतल्या मराठी घरात पहिल्या चहाच्या आधी, किंग्ज सर्कलच्या गुजराती घरात मसाल्याच्या दुधासाठी, पिशवी फुटली की दूध आधी पातेल्यात जातं आणि उकळी येईपर्यंत कोणीतरी ओट्याशी उभं राहतं. पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ असं ठळक छापलेलं असतं. ते खरं असेल तर पुन्हा तापवायची गरज नाही, हे सांगणारा एखादा शिकलेला मुलगा प्रत्येक घरात असतो आणि त्याचं कोणी ऐकत नाही. आजीने तापवलं, आईने तापवलं, आपणही तापवतो. साय धरते हा वरचा फायदा.

याच घरांतल्या काही फ्रिजमध्ये आता दाराच्या कप्प्यात एक वेगळी बाटली असते. शेळीचं दूध. न तापवलेलं, मुद्दाम न तापवलेलं. ते घरच्या माणसांसाठी नसतं. नातवाने चुकून पेल्यात ओतून घेतलं तर घरात आरडाओरडा होईल. ते असतं चार किलोच्या शिहत्झूसाठी.

सकाळी साडेसहाला फाइव्ह गार्डन्सच्या बाजूला गेलात तर हे कुत्र्यांचं जग नीट बघायला मिळतं. एकेकाळी इथे पॉमेरेनियन दिसत. दक्षिणी घरांत दहीभातावर आणि आदल्या दिवशीच्या इडलीवर ते बारा-चौदा वर्षं सुखाने जगत. मग २००३ च्या सुमाराला ‘हच’ या मोबाइल कंपनीची ती पगवाली जाहिरात आली आणि पग आले. आता शिहत्झू, ल्हासा, माल्टीज, टॉय पूडल, क्वचित चिवावा. कारण उघड आहे. जुन्या इमारतीतला दोन खोल्यांचा संसार, लिफ्ट असली तर दोन माणसांची, आणि म्हातारपणी दोरी ओढणारं कुत्रं झेपत नाही. छोटं कुत्रं मांडीवर मावतं. ते खाण्याच्या बाबतीत मात्र भलतं चोखंदळ निघतं. वाटी हुंगून तोंड फिरवणारं कुत्रं आणि त्याच्यामागे चमचा घेऊन फिरणारी बाई हे दृश्य इथे नवीन नाही. अशा वेळी बागेत कोणीतरी सांगतं, बकरीचं दूध द्या, कच्चं द्या, तापवलं तर त्यातलं सगळं मरतं. कुत्रं ते चाटूनपुसून पितं, आणि तिथेच सल्ला खरा ठरतो.

कुत्र्याने आवडीने प्यायलं हा मात्र पुरावा नव्हे. ते चपलाही आवडीने खातं.

‘कच्चं’ हा आग्रह आला कुठून? आपल्याकडून तर नाही. तो अमेरिकेतून आला. तिथे १९८७ पासून माणसांच्या पिण्यासाठी कच्चं दूध एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला बंदी आहे. पण बाटलीवर ‘फक्त पाळीव प्राण्यांसाठी’ असं छापलं की वाट मोकळी होते, आणि त्या वाटेवर गेल्या पंधरा-वीस वर्षांत शेळीच्या कच्च्या दुधाचा मोठा धंदा उभा राहिला. गोठवलेल्या खोक्यांतून ते विकलं जातं. हळद घातलेलंही मिळतं, म्हणजे आपलंच हळदीचं दूध साता समुद्रापार कुत्र्याच्या वाटीत गेलं. त्या देशात चार पिढ्यांनी कारखान्यातून आलेलं, पाश्चरीकरण केलेलं दूधच पाहिलं आहे. तिथे ‘कच्चं’ म्हणजे शेताकडे परत जाणं, कारखान्याला नकार देणं. त्यांचं बंड मला समजतं. पण ज्या घरात कारखान्यातून आलेली पिशवीही पुन्हा उकळली जाते, त्या घराने कुत्र्यापुरतं हे बंड उसनं आणावं, याला काय म्हणायचं?

आता शेळीच्या दुधाच्या बाजूने जे खरं आहे ते आधी सांगतो, कारण या दुधाशी माझं भांडण नाही. त्यातले स्निग्धाचे कण गाईच्या दुधातल्यापेक्षा बारीक असतात आणि एकत्र येऊन वर तरंगत नाहीत, म्हणून साय पातळ धरते. पोटात त्याचं जे दही होतं ते मऊ, भुसभुशीत असतं. गाईच्या दुधातलं एक प्रमुख केसिन प्रथिन त्यात बहुधा कमी असतं. त्यामुळे काही कुत्र्यांना गाईचं दूध सोसत नाही आणि शेळीचं सोसतं, असं घडतं. आजारातून उठलेल्या, तोंड न लावणाऱ्या कुत्र्याच्या कोरड्या खाण्यावर चमचाभर ओतलं तर ते खायला लागतं. एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

पण पुढची पायरी चढली की गडबड सुरू होते. शेळीच्या दुधात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, नसतंच असं सर्रास सांगतात. असतं. गाईच्या दुधात पावणेपाच टक्क्यांच्या आसपास, शेळीच्या दुधात सव्वाचार-साडेचार टक्के. फरक अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर. आईचं दूध सुटल्यावर कुत्र्याच्या आतड्यात ही साखर पचवणारं लॅक्टेज कमी होत जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथे आंबते, वायू धरतो, जुलाब होतात. यावर ठरलेलं उत्तर असं की कच्च्या दुधात लॅक्टेज असतं, तापवल्याने ते मरतं. दुधात मुळात लॅक्टेज नसतं, तर मरणार काय? स्टॅनफर्ड विद्यापीठात दूध न पचणाऱ्या १६ माणसांवर हे तपासून पाहिलं गेलं आणि निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला: कच्च्या दुधाने त्रास कमी झाला नाही. प्रयोग लहान होता, माणसांवर होता, पण ‘कच्चं पचतं’ हा दावाही मुळात माणसांबद्दलचाच आहे. कुत्र्यांच्या गळ्यात तो नंतर बांधला गेला. कुत्र्याला दुधातलं काही द्यायचंच असेल तर पॉमेरेनियनला दहीभात घालणाऱ्या दक्षिणी मामी शहाण्या होत्या. विरजणात साखर थोडी कमी होते, म्हणून दही बहुतेक कुत्र्यांना दुधापेक्षा बरं सोसतं.

दुसरा मुद्दा मापाचा, आणि लहान कुत्र्याच्या बाबतीत तोच सर्वांत जास्त विसरला जातो. तीन किलोचं कुत्रं घ्या, साधारण एका चिवावाएवढं. पशुवैद्य वापरतात त्या सूत्राने त्याला नुसतं पडून राहायला दिवसाला १६० कॅलरी लागतात. नसबंदी झालेल्या, घरात फिरणाऱ्या प्रौढ कुत्र्याला अडीचशेच्या आसपास. शेळीच्या १०० ग्रॅम दुधात ६९ कॅलरी असतात. चहाचा मोठा कप, म्हणजे २०० मिली दूध, साधारण १४० कॅलरी. आपण ‘कपभर दूध’ म्हणतो ते त्या जिवाचं निम्म्याहून अधिक जेवण झालं. वरखाणं दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांत असावं हा सर्वसाधारण नियम लावला, तर या कुत्र्याच्या वाट्याला ३५ मिली येतं. कांदेपोह्यांच्या मोठ्या चमच्याने दोन, फार तर अडीच चमचे. बाकीचं सगळं एकतर चरबी होऊन बसतं, नाहीतर खऱ्या खाण्याची जागा अडवतं. मग बाई पुन्हा म्हणते, हा काही खातच नाही. अशा कुत्र्यांत स्वादुपिंडाला सूज येण्याची प्रवृत्ती असेल तर स्निग्ध खाण्याचा मारा आणखी वाईट.

पिल्लांचं गणित तर उलटंच आहे. कुत्रीच्या दुधात नऊ-दहा टक्के स्निग्धांश आणि सात-आठ टक्के प्रथिनं असतात. शेळीच्या दुधात चार आणि साडेतीन. आई मेलेल्या किंवा आईला दूध न आलेल्या पिल्लाला नुसतं शेळीचं दूध पाजणं म्हणजे त्याला पाणी घातलेलं दूध पाजणं. पिल्लाचं पोट सुपारीएवढं. दुप्पट प्यायला जागा कुठली? त्यात टॉय जातीच्या पिल्लांची रक्तातली साखर दोन-चार तासांच्या उपासानेही घसरते, पिल्लू लटपटतं, मान टाकतं. फोलेटही या दुधात फार कमी. नुसत्या शेळीच्या दुधावर वाढवलेल्या माणसांच्या बाळांना पंडुरोग होतो, हे युरोपातल्या डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदवून ठेवलं आहे. पिल्लांसाठी वेगळी पावडर मिळते. रात्री अकराला ती मिळाली नाही म्हणून एक रात्र तापवलेल्या शेळीच्या दुधावर काढली, तर ठीक. महिना काढू नये.

आता कच्चेपणाकडे.

शेळीची धार काढताना कधी जवळून पाहिलं आहे? गाईसारखी उंच कास नसते. शेळी लहान, कास जमिनीपासून वीतभर वर, तिच्या दोन सडांखाली पेला किंवा छोटी चरवी धरावी लागते. शेळी उभी राहिली तर राहिली. मध्येच पाय झाडते, खूर भांड्यात पडतो. लेंड्या टाकायला तिला तीच वेळ सापडते, आणि लेंडी जिथे पडायची तिथे पडते. धार काढणारा ती बोटाने उचलून फेकतो, दूध फडक्यातून गाळतो, झालं. त्याची चूक नाही, कारण त्याच्या घरी ते दूध पुढे चुलीवरच जाणार असतं. महाराष्ट्राच्या उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ, बेरारी या जाती मुख्यतः मटणासाठी पोसल्या जातात. दूध देतात ते जेमतेम, करडाला पाजून उरलेलं. मुंबईत वस्तीच्या कडेला दोन-चार शेळ्या बाळगणाऱ्याकडून ते बाटलीत येतं तेव्हा दोन-तीन घरच्या शेळ्यांचं दूध एकत्र झालेलं असतं. मुंबईच्या उकाड्यात वाटेत तास-दीड तास जातो. फडक्यातून लेंडी अडते, साल्मोनेला, ई. कोलाय, लिस्टेरिया अडत नाहीत.

पण ही बाहेरून येणारी घाण झाली. खरी भीती कासेच्या आतली आहे, आणि तिची गोष्ट माल्टा बेटावर घडली.

भूमध्य समुद्रातल्या त्या बेटावर ब्रिटिशांचं मोठं नौदल ठाणं होतं. तिथल्या शिपायांना एक विचित्र ताप येई. चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. घाम, सांध्यांत ठणका, पाठ धरायची, माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळायचा. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ साली या तापाने मेलेल्या शिपायांच्या प्लीहेतून जंतू शोधला. पण तो शिपायांत शिरतो कुठून, हे पुढची अठरा वर्षं कळलं नाही. हवा, पाणी, डास, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेळ्यांवर कोणाचा संशय नव्हता, कारण त्या धडधाकट दिसत. माल्टाचे गवळी शेळ्यांचा कळप घेऊन गल्लोगल्ली फिरत आणि गिऱ्हाइकाच्या दारात, त्याच्या डोळ्यांसमोर धार काढून देत. याहून ताजं, याहून निर्भेळ दूध कुठलं? १९०५ साली थेमिस्टोक्लीस झामित या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं आणि त्याच ठणठणीत शेळ्यांत तो जंतू निघाला. दुधात निघाला. त्याच वर्षी ‘जोशुआ निकल्सन’ नावाच्या बोटीतून माल्टाच्या शेळ्या अमेरिकेला रवाना झाल्या होत्या. वाटेत बोटीवरच्या लोकांनी ते ताजं दूध मनसोक्त प्यायलं आणि त्यातले बरेचजण तापाने पडले. १९०६ मध्ये सैन्याच्या खाण्यातून शेळीचं दूध बंद झालं आणि बराकींतला ताप बघता बघता ओसरला. बेटावरची सामान्य माणसं मात्र दारात येणारं ताजं दूध पीत राहिली आणि आजारी पडत राहिली. तिथे दुधाचं पाश्चरीकरण सुरू व्हायला १९३८ उजाडलं. ब्रूसच्या नावावरून त्या जंतूला ब्रुसेला म्हणतात. शेळ्या-मेंढ्यांत सापडणारा प्रकार ब्रुसेला मेलिटेन्सिस, आणि माणसाला सर्वांत जास्त पाडतो तो हाच. (फाइव्ह गार्डन्समधल्या त्या पांढऱ्याशुभ्र माल्टीज कुत्र्यालाही याच बेटाचं नाव मिळालं आहे. बिचाऱ्याचा तापाशी संबंध नाही, निदान अजून तरी.)

माल्टा लांब राहिलं असं वाटत असेल तर सोलापूरच्या पलीकडे विजापूरला चला. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं तापाच्या रुग्णांचं रक्त चिकाटीने तपासलं आणि ब्रुसेलोसिसचे शेकडो रुग्ण नोंदवले, त्यांत लहान मुलंही. जंतू बहुतेकांत मेलिटेन्सिसच. मेंढपाळांची वस्ती, शेळ्या घरात, आणि न तापवलेलं दूध. केंद्र सरकारने २०१९ साली लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिसविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, पण त्यात ब्रुसेलाची लस टोचतात ती गाई-म्हशींच्या ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना. ही लस शेळ्यांना नाही. म्हणजे तुमच्या बाटलीतलं दूध देणाऱ्या शेळीला ही लस मिळालेली नसणार, आणि तिची तपासणी झाली असण्याचा संभव फार थोडा. जंतू असलेली शेळी एखाद्या वेळी गाभडते. एरवी चरते, करडं देते, दूध देते, आणि त्या दुधातून अधूनमधून जंतू टाकत राहते.

इथे कोल्हापूरकर हात वर करणार, आणि त्यांना बोलू द्यायला हवं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या राहतात, समोर धार काढली जाते आणि पैलवान, रिक्षावाले, कॉलेजची पोरं फेसाळलेलं धारोष्ण दूध तिथेच पेल्याने पितात. तिथे गवळी आणि गिऱ्हाईक एकमेकांना पिढ्यानपिढ्या ओळखतात, आणि धार व पेला यांत मिनिटाचंही अंतर नसतं. त्यामुळे वाटेत वाढणारे जंतू वाढत नाहीत, हे कबूल. कासेतून येणाऱ्या जंतूला मात्र मिनिटाचं अंतर काय आणि तासाचं काय. माल्टाच्या गल्लीतही धार दारातच काढत होते.

कुत्र्याचं पोट कच्च्यासाठीच बनलंय, हा शेवटचा बुरूज. त्यात तथ्य आहे. कुत्र्याचं जठर बरंच आम्ल असतं, ते उकिरड्यावरचं पचवतं. पण त्यामुळे कुत्रं वाचलं तरी घर वाचत नाही. साल्मोनेला पोटात घेऊन कुत्रं स्वतः हुंदडत राहतं आणि विष्ठेतून आठवडाभर ते बाहेर टाकतं, हे कच्चं खाणाऱ्या कुत्र्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ब्रुसेला मेलिटेन्सिस कुत्र्यालाही होतो. आणि हे कुत्रं अंगणात बांधलेलं नाही. ते आजीच्या उशाशी झोपतं, नातवाचं तोंड चाटतं. त्याची वाटी त्याच मोरीत, त्याच घासणीने धुतली जाते. अमेरिकन पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ सालीच कुत्र्या-मांजरांना कच्चे प्राणिजन्य पदार्थ देऊ नयेत असं धोरण जाहीर केलं, त्यात घरातल्या माणसांची काळजी होतीच. २०२४ मध्ये तिथल्या टेक्सासमधल्या गोठ्यात बर्ड फ्लू झालेल्या गाईंचं कच्चं दूध पिऊन मांजरं मेली, आणि त्याच वर्षी मिनेसोटात शेळीच्या करडांतही तो विषाणू सापडला, तेव्हा या धंद्यावाल्यांची थोडी पाचावर धारण बसली.

शेळीच्या दुधाला आपल्याकडे मान आहे तो वेगळ्या वाटेने आलेला. १९१९ साली मुंबईत आजारी गांधीजींना डॉ. दलालांनी दूध घ्यायला सांगितलं. त्यांची तर दूध न घेण्याची प्रतिज्ञा. प्रतिज्ञा करताना तुमच्या मनात गाय-म्हैसच होती ना, हा मार्ग कस्तुरबांनी काढला. तेव्हापासून शेळीचं दूध म्हटलं की ते सात्त्विक, हलकं, औषधी अशी समजूत झाली. डेंग्यूच्या साथीत प्लेटलेट वाढवायला म्हणून त्याचा भाव आभाळाला भिडतो, तो याच पुण्याईवर. तसा परिणाम सिद्ध झालेला नाही. धनगरांच्या वाड्यावर मेंढ्यांच्या कळपात दूधदुभत्यापुरत्या शेळ्या असतात आणि राखणीची कुत्रीही असतात, पण त्या कुत्र्यांचं मुख्य खाणं भाकरी. दूध आधी माणसाच्या पोराला.

माटुंग्यापासून जवळच परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयही तिथेच. बागेतल्या बाकावरच्या सल्ल्यापेक्षा तिथला सल्ला घेणं काही अवघड नाही. तोवर घरी करण्यासारखं एवढंच. शेळीचं दूध द्यायचं असेल तर आणा, आणि घरच्या दुधासारखं तापवा. ढवळत एक उकळी आणा, दोन मिनिटं मंद आचेवर ठेवा, झाकून निववा, फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा. दूध कारखान्यात सुरक्षित होतं ते ७२ अंशांवर १५ सेकंदांत किंवा ६३ अंशांवर अर्ध्या तासात. तुमची उकळी त्याच्या कितीतरी वर आहे. तापवल्याने प्रथिनं, स्निग्धांश, कॅल्शियम जात नाही. काही जीवनसत्त्वं थोडी घटतात, आणि ती कुत्र्याला त्याच्या रोजच्या खाण्यातून मिळतात. पहिल्या दिवशी एकच चमचा द्या आणि दोन दिवस शी बघा. पातळ झाली तर ते दूध त्या कुत्र्यासाठी नाही, मग ते शेळीचं असो वा कामधेनूचं. रस्त्यावरच्या पिल्लांपुढे दूध ठेवत असाल तर तेही तापवलेलंच ठेवा, आणि तासाभराने वाटी उचला.

आणि एक. इतके दिवस कच्चं दूध देत आला असाल आणि घरात कोणाला आठ-पंधरा दिवस हटत नसलेला ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी, पाठदुखी असेल, तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा की घरात शेळीचं कच्चं दूध हाताळलं जातं. मुंबईत लांबलेल्या तापाला आधी मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू, क्षय यांच्या तपासण्या होतात. ब्रुसेलाची तपासणी वेगळी मागवावी लागते, आणि निदान झालं तर औषध सहा आठवडे घ्यावं लागतं.